लटारूबाबाची पाचर

३ नोव्हेंबर, सोमवार

कपाळाला हात लावून बसले आहे. नागपूरहून नागभीड, तिथून टमटममध्ये कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून चिखलटोला, एवढा आटापिटा केला तो जुन्या लाकूड डेपोच्या शेडमधल्या कैच्या तपासायला. छताचा भार उचलणारा लोखंडी त्रिकोणी सांगाडा, त्याला आमच्या पुस्तकात ट्रस म्हणतात आणि इथले मिस्त्री कैची. इंग्रजांच्या काळातल्या, रिबिटं मारलेल्या नऊ कैच्या. आत पाऊल टाकते तर सगळ्या चांदीसारख्या चकचकीत! परवाच रंग दिला म्हणे. बोट लावलं तर बोटाला लागला.

"म्याडम येनार हायेत म्हनून अख्खं गाव राबलं जी," मच्छीमार संस्थेचे सचिव गोपालभाऊ छाती फुगवून म्हणाले. "आता कशी नवरीसारखी दिसून राह्यली शेड!"

अहो, मी मुलगी बघायला आले नाही! गंज कुठे आहे, चीर कुठे आहे, कुठलं रिबिट ढिलं झालंय, ते बघायला आले आहे आणि नेमकी त्यावरच यांनी पावडर थापली. आता आधी रंग खरवडायचा, मग काम. हे मी सांगितल्यावर गोपालभाऊंचा चेहरा असा पडला की जणू मी पाहुणचाराचं ताट लाथाडलं.

चिडचिड बाजूला ठेवून एकदा नीट लिहून ठेवते. इमारत वारसा यादीत आहे म्हणून निदान तपासणी तरी होते आहे. मी 'धोकादायक' लिहिलं की शेड उतरवणार, आणि तिच्यात वर्षानुवर्षं मासोळी विकणाऱ्या ढिवरांच्या बायका हायवेच्या कडेला उन्हाधुळीत बसणार. मी 'ठीक' लिहिलं आणि छत खाली आलं, तर ते त्याच बायकांच्या डोक्यावर येणार. त्यामुळे गोपालभाऊ दर दहा मिनिटांनी "पास होते ना जी?" विचारतात, तेव्हा ओरडावंसं वाटतं.

४ नोव्हेंबर

खरवडणं सुरू. माणसं मिळत नाहीत, सगळे धान कापायला गेलेत. शिडी धरायला आज गोपालभाऊ स्वतः आले आणि शिडी सोडून मोबाइलवर बोलत राहिले. मी वर लटकलेली!

चौथ्या कैचीच्या बरोबर मध्याखाली एक सागाचा जाड खांब उभा आहे. खालून वरपर्यंत शेंदूर, बुडाशी उदबत्त्या, नारळाच्या शेंड्या, तांदूळ. खांबाचं डोकं आणि कैची यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकलेली. मूळ नकाशात असला खांब नाही. विचारलं तर म्हणे लटारूबाबा. म्हणजे लटा, अर्थात जटा, वाढवलेला कुणी साधू असावा. झाडाझुडपांच्या मुलखात दर कोसाला एक देव, त्यातलाच हा आणखी एक.

या बाबाची सेवा करते गुणाबाई. साठी उलटलेली, काटक, शेड झाडते आणि दारापाशी झिंगे विकते. गावात सगळे 'लटारूबाबा, लटारूबाबा' करतात. हिला मात्र देवाचं साधं नाव घ्यायला होत नाही. "तेथी शिडी नको लावू बाई, ते हायेत तेथी." कोण ते? "ते." एवढंच. देवाचं नाव घेतलं तर जीभ झडते की काय हिची!

६ नोव्हेंबर

जाडी मोजायचं यंत्र घेऊन सहा कैच्या झाल्या. अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं लोखंड. वरून कौलं गळतात तिथे थोडा गंज, बाकी उत्तम. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं त्यांना माझा नमस्कार.

आणि मग चौथी. मधली उभी पट्टी, जी दोरीसारखी ताठ ओढलेली असायला हवी, ती धनुष्यासारखी बाहेर फुगली आहे. डोळ्यांना दिसते. चकचकीत रंगाने डोळे दिपले नसते तर पहिल्याच दिवशी दिसली असती. बाजूच्या एका सांध्यात रिबिटांऐवजी नटबोल्ट आहेत, म्हणजे केव्हातरी दुरुस्ती झालेली. कुणी केली, कधी केली, कुणाला माहीत नाही. "सरकारी मानसं आल्ती, बोल्ट पिटून गेली." झालं.

म्हणजे कैची खचत होती म्हणून खांब लावला, आणि खांब असूनही ती वाकतेच आहे. याचा अर्थ वाईट आहे.

७ नोव्हेंबर

नागपूरहून भूपेश सरांचा फोन. आमचे वरिष्ठ, कधी शिडीवर चढलेले नाहीत. "टेकू आहे, पट्टी वाकली आहे, अजून काय पाहिजे? धोकादायक लिही आणि ये परत." लिहिता येईल. उद्याही लिहिता येईल. पण आकडे जुळत नाहीत. छताचा सगळा भार धरला, वाऱ्याचा धरला, तरी ती पट्टी वाकायचं कारण नाही. ताणातली पट्टी तुटेल, पण अशी फुगणार नाही. माझं काहीतरी चुकतं आहे, आणि काय चुकतं ते कळत नाही, याचा जास्त राग येतो.

९ नोव्हेंबर

आज गुणाबाईशी वाजलं. मला खांबाच्या डोक्याशी माप घ्यायचं होतं आणि ही बुडाशी पानावर भात नि मासोळीचा रस्सा वाढून बसलेली. देवाला मासोळी! म्हटलं, "हे उचला आता, मला शिडी लावायची आहे."

"जेऊन होऊ दे त्यायचं."

"अहो, लाकूड आहे ते! लाकूड कशाला जेवतंय?"

ती तशीच पदराने माशा वारत बसली. मग रश्श्याचं बोट चाटून स्वतःशीच म्हणाली, "मीठ जास्ती पडलं आज. त्यायले मीठ कमीच लागे."

देवालासुद्धा बीपी! मी शिडी आपटून बाहेर आले. मागाहून वाटलं, म्हातारीवर इतकं खेकसायला नको होतं. पण उद्या पुन्हा तेच होणार, मला माझं माहीत आहे.

१२ नोव्हेंबर

आज गावाची मंडई. दिवाळीनंतरची जत्रा, संध्याकाळी नाटक, दिवसभर जिलेबी. काम बंद असं काल गोपालभाऊंनी मला 'सांगितलं', विचारलं नाही. मी तरी शेडमध्ये गेले, आणि बरं झालं गेले.

सगळं गाव आत जमलेलं. हलगी वाजत होती. गावचे पुजारी मनसाराम यांनी खांबाला नवा शेंदूर लावला. मग गुणाबाईच्या हातात लाकडी मोगर दिला, दोघांनी तिला स्टुलावर चढवलं, आणि तिने पाचरीवर घाव घातला. ठण्ण! वरची अख्खी कैची वाजली. लोक ओरडले, "लटारूबाबा की जय!" मग मनसाराम, मग गोपालभाऊ, मग संस्थेतला एकेक जण स्टुलावर चढून एकेक ठोका.

मी गोपालभाऊंना विचारलं, हे काय? म्हणाले, "बाबाची पाचर. दरसाल मंडईले घट करतो आमी. बाबा ढिला पडला तं शेड पडन ना जी."

दरसाल! आणि मला एकदम दिसलं. आठ दिवस मी मूर्खासारखी वरचा भार मोजत होते. भार वरून नाहीच, खालून आहे! हे दरवर्षी पाचर ठोकून ठोकून कैचीला खालून वर ढकलतायत. मधली पट्टी ओढ सोसायला केलेली, दोरीसारखी. दोरीला खालून ढकललं तर ती वाकणारच! कैची खचली म्हणून खांब नाही, खांबामुळे कैची वाकते आहे. हिला आजार नाहीच, औषधच जास्त झालंय.

"थांबा!" मी ओरडले. "थांबा! पाचर ठोकू नका!"

हलगी थांबली. सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी कुणाच्या तरी हातातला मोगर हिसकावून घेतला. त्यानंतर जे झालं ते लिहायचीसुद्धा इच्छा नाही. मनसाराम म्हणाले विटाळ झाला. कुणीतरी म्हणालं, या बाईला आत्ताच्या आत्ता टमटममध्ये बसवा. गुणाबाई स्टुलावरच उभी होती, तिला उतरवायचंही कुणाला सुचलं नाही.

१३ नोव्हेंबर

पुन्हा हिशेब केला. पाचरीचं ढकलणं धरलं की आकडे जुळतात, अगदी चपखल. खांब अलगद काढला, वाकलेली पट्टी बदलली, की चौथी कैची इतर आठांसारखी ठणठणीत. शेड वाचते! ही बातमी घेऊन गेले तर गोपालभाऊंनी दारातूनच सांगितलं, "बाबाले हलवाचं नाई."

"मग मला धोकादायक लिहावं लागेल. शेड जाईल तुमची."

"जाऊ द्या. बाबाले हलवून शेड वाचवाची तं ते काय वाचवनं झालं?"

डोकं फिरलं माझं. म्हटलं, एका लाकडाच्या ओंडक्यापायी इतक्या बायकांच्या पोटावर पाय आणता? तेव्हा गोपालभाऊही भडकले. गेले दहा दिवस गोड बोलणारा माणूस ओरडायला लागला.

"ओंडका? कोन होते लटारूबाबा, इचारलं तुमी कधी? मानूस होते. मासोळीचा लिलाव चालू होता, वादळ आलं, चिंचेची फांदी छतावर पडली, कैची तुटून लोंबली. सारे पराले. लटारूभाऊनं एकट्यानं सागाची बल्ली आनून लावली, पाचर ठोकली, अन् खाली दबलेल्या बाया भाईर काढल्या. माही माय त्यात होती. त्याच साली तापानं गेले ते. गुनाबाईचे घरवाले होते जी ते!"

मी तिथून कशी आले, आठवत नाही.

'ते.' देवाचं नाव न घेणारी गुणाबाई. आमच्या आजीनेही जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नव्हतं, हे मला दहा दिवसांत एकदाही आठवू नये? लाकूड जेवतंय का, असं विचारलं मी तिला. लाज वाटते. दुसरा शब्दच नाही.

१४ नोव्हेंबर

सकाळी गुणाबाईकडे गेले. अंगणात झिंगे वाळत घातलेले. तिने चहा टाकला. कालचं, परवाचं काही काढलं नाही. मीच माफी मागितली तर म्हणाली, "तुले का मालूम बाई."

मग तिला सगळं समजावून सांगितलं. दोरी आणि काठी घेऊन दाखवलं: ओढली तर दोरी हत्तीलाही तुटत नाही, खालून ढकलली तर लगेच वाकते. तिला पटकन कळलं. कळल्याचं मला तिच्या तोंडावर दिसलं, आणि त्याच क्षणी वाटलं, कशाला सांगितलं! कारण पुढचा प्रश्न येणारच होता.

"म्हंजे त्यायनं चूक केली का?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि तिला दुखवायचंही नव्हतं. विचार करून म्हणाले, "नाही. सांधा तुटला होता, त्या घडीला खांबच पाहिजे होता. तो नसता तर छत बायकांवर आलं असतं. मी असते तर मीही तेच केलं असतं. पण पुढे सांधा दुरुस्त झाला, नवे बोल्ट आले, तेव्हा खांब काढायला हवा होता."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"काढायले तेच नव्हते ना," ती म्हणाली. "ते असते तं त्यायनंच काढला असता. काम झालं का खुंटा उपटून ठेवत. पसारा नाई आवडे त्यायले." मग एकदम रडायला लागली. "अन् मी दरसाल ठोकत राह्यलो! मले वाटे, इतकं तं करू. हात तं लागते त्यायच्या लाकडाले."

मी तिचा हात धरून बसले.

१५ नोव्हेंबर

भूपेश सर: "लोकांच्या भावना हा आपला विषय नाही." मी फोन ठेवला. धाडकन ठेवला. आता होईल ते होईल.

१७ नोव्हेंबर

गुणाबाईने संस्थेपुढे गोष्ट काढली, म्हणून आज मनसाराम कौल लावणार होते. म्हणजे बाबालाच विचारायचं, हलू का नको. खांबाला दोन बाजूंना दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माझा अख्खा हिशेब, यंत्रं, शिक्षण एका बाजूला आणि झेंडूची दोन फुलं दुसऱ्या बाजूला! पण जीभ चावून गप्प उभी राहिले. आता या गावात बोलायला मला तोंड नाही.

फुलं काही पडेनात. गुणाबाई खांबाच्या उजव्या अंगाला बसली होती. बराच वेळ झाला तशी ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, पदर झटकून सावरला, आणि तेवढ्यात उजवं फूल टपकलं.

"हो म्हनते बाबा!" मनसाराम ओरडले.

वारा असेल. शेडला चारही बाजूंनी फटी आहेत. सुटले एकदाची.

१९ नोव्हेंबर

आज खांब काढला. नागपूरहून जॅक आणले, पट्टी बदलायला वेल्डर आणला. दोन जॅक खांबाच्या दोन्ही बाजूंना लावून कैचीचा भार त्यांच्यावर घेतला, म्हणजे पाचरीवरचा दाब कमी झाला. मनसाराम म्हणाले मान गुणाबाईचा. तिला स्टुलावर चढवलं. या वेळी घाव उलट्या बाजूने. पहिल्या ठोक्याला पाचर हललीच नाही. दुसऱ्याला थोडी सरकली. मी म्हटलं, आजी, मी मारू का? तिने ऐकलंच नाही. तिसऱ्या ठोक्याला पाचर खाली पडली आणि खांब हलका झाला. चार जणांनी तो तिरडी उतरवावी तसा हळू आडवा केला. कुणी जय म्हटलं नाही. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मग जॅक थोडे थोडे उतरवत गेलो. लोखंड कुरकुरलं आणि कैची आपल्या जागी येऊन शांत झाली. फुगलेली पट्टी माझ्या डोळ्यांदेखत बरीचशी सरळ झाली. इतकी वर्षं हे काम करते, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. गोपालभाऊंनी विचारलं, "म्याडम, रडून राह्यल्या का?" धूळ गेली म्हणाले.

खांबाचं देऊळ करायचं असं संस्थेचं म्हणणं होतं. गुणाबाईने साफ सांगितलं, "आता नका उभं करू त्यायले कुठी. लय वर्सं उभे होते." खांब तिच्या परसात वळचणीला आडवा ठेवला आहे.

२१ नोव्हेंबर

नवी पट्टी परवा रात्रीच बसली. काल दिवसभर चौथ्या कैचीला वाळूची पोती टांगून ठेवली होती, आज उतरवून मोजलं. जिथे होती तिथे परत आली. अहवालात 'सुरक्षित' लिहिलं, सही केली, पाठवला. भूपेश सरांनी अजून उत्तर दिलेलं नाही. नको देऊ देत.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज बाजार. दुपारच्या टमटमने मी निघणार होते, जाता जाता शेडमध्ये डोकावले. तर काय? सगळ्या बायका टोपल्या घेऊन बाहेर उभ्या! उन्हात! मासोळीवर माशा घोंघावतायत आणि आत एक माणूस नाही.

"अहो, पास झाली ना शेड! लिहून दिलं ना मी!"

"थे तं झालं जी," गोपालभाऊ मान खाजवत म्हणाले. "पन बाबा होते तं वाटे, हाये कोनीतरी. आता वर पाह्यलं का नुसतं लोखंड दिसते."

यांना काय म्हणावं! दहा दिवस 'पास होते का, पास होते का' करून माझा जीव खाल्ला, आणि आता पास झाली तर आत जायला तयार नाहीत! माझ्या तोंडावर आलेलं सगळं मी बोलणारच होते, तेवढ्यात गर्दीतून गुणाबाई आपली झिंग्यांची टोपली डोक्यावर घेऊन निघाली. सरळ आत गेली, चौथ्या कैचीखाली, जिथे खांब होता तिथे टोपली उतरवली आणि बसली. इतकी मोठी शेड आणि मध्ये ती एकटी.

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"काऊन उभी हायेस बाई? सही तुही हाये ना?"

खोटं कशाला लिहू? आकडे सगळे माझेच, तपासणी माझी, तरी आत जाताना दाराशी थबकले. तिच्या शेजारी जाऊन बसले. शेंदराचा लाल गोल अजून जमिनीवर होता. तिने माझ्यासमोर मूठभर झिंगे ओतले.

"नुसती बसू नको. निवड."

मी निवडायला लागले. मागे एक टोपली ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग भांडणाचा, आपापल्या जागेवरून. दोनची टमटम गेली. हाताला झिंग्यांचा वास अजून आहे. दुपारभर तिथेच बसले होते, आणि वर एकदाही पाहिलं नाही.